ज्या नावाने हाक मारायची नव्हती

आम्हा जर्मन ज्यूंच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. दिलं, तर त्या माणसाचं उरलेलं आयुष्य बाळ घेऊन जातं म्हणे. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी माझ्या मुलांची नावं मेलेल्या माणसांचीच आहेत.

माझ्या धाकट्या बहिणीचा, हेर्टाचा नवरा सीगबर्ट जर्मनीतून न्यूयॉर्कला आला तो अंगावरच्या कोटानिशी. तिथल्या आमच्या वॉशिंग्टन हाइट्स वस्तीत तो दारोदार पट्टे विकायचा. पुढे त्याने पर्सचा कारखाना काढला, मग सगळ्या पर्सवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. माझा नवरा त्याला "या, अध्यक्षमहाराज!" म्हणून चिडवायचा, पण हा बाबा कधी हसला नाही. त्याचे वडील, गुरांचे व्यापारी नाफ्ताली, गावीच अडकले होते. त्यांना सोडवायचं म्हणून तर तो एवढा राबत होता.

युद्ध संपलं आणि हेर्टाला मुलगा झाला. त्याच आठवड्यात गावचा एक शेजारी जिवंत येऊन पोचला.

"तुझ्या वडिलांना छळछावणीच्या गाडीत कोंबताना मी पाहिलं रे," तो म्हणाला. "त्या गाडीतलं कुणी परत आलं नाही."

सीगबर्टने बुटक्या स्टुलावर बसून तासाभराचं सुतक पाळलं. मरणाची बातमी जुनी असली की तेवढंच पाळतात. आणि सुंतेच्या दिवशी बाळाचं नाव ठेवलं, नाफ्ताली.

पुढच्या वर्षी अमेरिकन सरकारने त्याला बोलावलं. युरोपात बेघर झालेल्यांची सोय लावायला जर्मन जाणणारा, कारभार सांभाळलेला माणूस हवा होता. तो गेला. काही महिन्यांनी त्याची तार आली: "बाबा सापडले. बाळाला नावाने हाक मारू नका."

हेर्टा तार हातात धरून जमिनीवरच बसली. "ताई, आम्ही काय करून बसलो गं?"

म्हातारा एका दवाखान्यात होता, छातीची पार चाळण झालेली. क्षयाच्या रोग्याला अमेरिका आत घेत नव्हती. सीगबर्ट सरकारी अधिकारी असूनही साहेबांच्या दारोदार फिरला, पूर्वी पट्टे घेऊन फिरायचा तसाच. "नियम तुम्हाला माहीत आहे," असं त्याला सगळीकडे सांगितलं गेलं. माहीत कसा नसेल? तोच नियम सांगून तो रोज इतरांना परत पाठवत होता!

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं.

"नातवाचं नाव काय ठेवलंस?" वडिलांनी विचारलं.

हा त्यांची चादर सारखी करू लागला.

"माझंच ना?"

"बदलतो, बाबा. घरी गेल्या गेल्या बदलतो."

"खबरदार! विकलेली गाय मी कधी परत मागितली होती का? त्याचं त्याला राहू दे. मलाच दुसरं नाव ठेव."

फार आजारी माणसाचं नाव आमच्यात बदलतात, म्हणजे मरण शोधत आलं तरी चुकेल. आमच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, खाटेपाशी प्रार्थना करून म्हाताऱ्याचं नाव हायिम ठेवलं. हायिम म्हणजे जीवन.

तरीही सीगबर्टने घरच्यांना ताकीद दिली होती की ते जुनं नाव उच्चारायचं नाही. बाळ चालायला लागलं, बोलायला लागलं. आम्ही त्याला सोन्या म्हणत होतो, चिमण्या म्हणत होतो. मी तर चिडले की नुसतं "ए" म्हणायची.

दुसऱ्या हिवाळ्यात हायिम गेले. त्यांना तिकडेच पुरून सीगबर्ट घरी आला. अंगात कोट तसाच, हातात बॅग. पोरगं खिडकीशी पाठमोरं बसून चमच्याने काच वाजवत होतं.

"नाफ्ताली!" त्याने हाक मारली. मग आणखी मोठ्याने, "नाफ्ताली!"

पोराने वळूनही पाहिलं नाही. आपल्याला कुणी बोलावतंय हे त्याला कळलंच नाही.