जावई पाटावर बसेना

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. हे बघा, तुम्ही आत्ताच हसायला लागलात! बरं, हसा. पण चहाची बशी तेवढी खाली ठेवा, नाकात जाईल.

माणूस झाडावर चढायला जातो आणि पडतो, विहिरीत पोहायला जातो आणि बुडतो, हे तुम्ही ऐकलं असेल. माझी फजिती कशी झाली? बसून झाली. नुसता बसलो होतो हो मी! आता बसल्याबसल्या कोणाची अब्रू जाते का? माझी गेली.

त्या काळी ठाण्यात बायसिकली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही बहुतेक गोऱ्या साहेबांच्या. आमच्या कचेरीतल्या एका साहेबाची बदली झाली, जाताना त्याने आपली विकायला काढली, आणि मी ती घेतली. नौपाड्यात माझ्या दाराशी ती उभी राहिली, तेव्हा अख्खी आळी बघायला लोटली. दोन गाईसुद्धा येऊन हुंगून गेल्या.

आता सरळ रस्त्यावर काय, कोणीही चालवील! मला नाद लागला तो आडवाटांचा. धोतराचा काचा घट्ट मारायचा, उपरणं कमरेला बांधायचं आणि निघायचं. येऊरच्या पायथ्याच्या गाडवाटा म्हणू नका, शेतांचे बांध म्हणू नका, कोरडे ओढे म्हणू नका. पडायचो, खरचटायचं, पुन्हा चढायचो. लोक म्हणत, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. परिणाम झाला होताच, पण डोक्यावर नव्हे. ते पुढे येईलच.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. सासुरवाडी कल्याणची. पहिली दिवाळी आली, दिवाळसणाचं बोलावणं आलं. ही माहेरी आधी जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी तुळशीपाशी दिवा लावता लावता, माझ्याकडे न बघता, ही म्हणाली, "एक मागू का?"

मी म्हटलं, "माग की. साडी?"

"साडी नको. तिकडे रुसू नका."

आता तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या दिवाळसणाला जावयाने रुसायचं, ही रीतच. पाटावर बसायचं नाही, घास उचलायचा नाही, आणि सासऱ्याने काही हातावर ठेवलं की मग प्रसन्न व्हायचं. जावई जितका ताठ, तितका ऐवज मोठा.

ही म्हणाली, "बाबा लग्नात पार वाकलेत. कोणापाशी बोलणार नाहीत, पण मला दिसतं ना. तुम्ही रुसलात तर ते घरातलं काहीतरी मोडतील. मला माहेरी मान खाली घालायला लावू नका."

मला तिचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! मी तुळशीसमोर शब्द दिला, "पाट मांडला रे मांडला की मी बसलोच म्हणून समज."

ऐकलंत ना शब्द? नीट लक्षात ठेवा.

सासरेबुवांनी निरोप धाडला होता: आगगाडीने यावे, ते लोखंडी गाढव घरी ठेवावे. झालं! माझं डोकं फिरलं. मी उलट निरोप धाडला, की बायसिकलवरूनच येतो, आणि असा येतो की कपड्यांची घडी मोडणार नाही. आगगाडीने काय, पोतीसुद्धा कल्याणला जातात!

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळीच निघालो. कोलशेतपर्यंत झकास गेलो. तिथे खाडी ओलांडायला पास्कूची होडी. हा पास्कू तिथलाच, किरिस्ताव, भातशेती करून होडी चालवणारा, माझ्या ओळखीचा. गाडी होडीत चढवताना त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"कय चाललास बामना?"

"सासुरवाडीला. कल्याणला."

"अरं, त्या पार धड वाट नाय हाय. सगली शेतां न् मिठागरां. मना इचारशील तं मागं फिर न् रेलगाडीत बस."

"आडवाटेचीच तर मजा आहे, पास्कू!"

"मजा तुजी, हाडां बी तुजी," पास्कू म्हणाला आणि वल्हं मारायला लागला.

पलीकडे उतरलो आणि मजा सुरू झाली. भाताची कापणी नुकती झालेली, शेतभर धसकटं. बांध हातभर रुंद. आणि माझ्या गाडीची चाकं कसली? वारा भरलेली मऊ चाकं नंतर आली हो! माझी भरीव रबराची. वाटेतला एकेक खडा चाकातून आसनात, आसनातून थेट मस्तकात. एका बांधावर समोरून म्हैस आली. ती काही मागे सरेना, मीच शेतात उतरलो. म्हणजे उतरलो असं मी म्हणतो. म्हैस काय म्हणेल ते म्हणो.

तरी माझा उत्साह बघा! गाणी म्हणत चाललो होतो. आणि मिठागराच्या बांधावर आसनाखालची स्प्रिंग तुटली.

तुटली आणि कातडं फाडून वर आली.

वस्ती दूर, लोहार नाही, दोरी नाही. उपरण्याची चुंबळ करून आसनावर ठेवली, ती दर दहा पावलांवर घसरायची. शहाणा माणूस उतरून चालला असता. पण कोण येतंय बायसिकलवरून? मी! घडी न मोडता! कोन गावापर्यंत मी तसाच बसून आलो. दुर्गाडी किल्ल्यासमोर खाडी ओलांडायला दुसरी होडी मिळाली, तीत मी उभा राहिलो. नावाडी म्हणाला, "बसा की." मी म्हटलं, "वारा छान आहे." त्या घटकेपासून पुढचे दोन दिवस मी ज्या ज्या थापा मारल्या, त्यांतली ही पहिली.

सासऱ्यांच्या दारी पोचलो तो दिवेलागण होत आली होती. कपडे झटकले, मिशीवरून हात फिरवला, गाडी अंगणात ऐटीत उभी केली. सासरेबुवा पुढे आले, गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "आलात की सुखरूप! आमचीच भीती खोटी. या, बसा."

ओटीवर पांढरीशुभ्र गादी, लोड, तक्क्या. मी टेकायला गेलो आणि, काय सांगू, डोळ्यांसमोर सगळ्या कल्याणच्या पणत्या एकदम पेटल्या! ताडकन उठलो.

"काय झालं?"

"काही नाही. तसबिरी बघतो जरा."

भिंतीवर तसबीर एकच होती, गणपतीची. ती मी इतका वेळ बघितली, की तो गणपतीसुद्धा अवघडला असेल.

आत माजघरात कुजबुज सुरू झाली. जावयांना गादी पसंत नाही! शेजारून गालिचा आला. मी म्हटलं, "अंगण सुरेख आहे," आणि अंगणात फेऱ्या मारू लागलो. रात्री जेवायला पानं मांडली, तर म्हटलं पोट बिघडलंय, आणि पालथा पडून झोपलो. मला वाटलं होतं, सकाळपर्यंत बरं वाटेल.

सकाळी आणखी सुजलं.

पहाटे अभ्यंगस्नानाला पाट मांडलेला, भोवती रांगोळी. मी पाटावर उकिडवा बसलो. सासूबाई तेलाची वाटी घेऊन थबकल्या. मी म्हटलं, "आमच्याकडे असंच बसतात." मग अंगणात कारीट फोडायचं होतं. उभ्याने, पायाच्या अंगठ्याने! उभं राहून करायचा तेवढाच विधी, म्हणून मी हौसेने दोन फोडली.

आणि मग फराळाची पंगत.

मधोमध चंदनी पाट, चांदीचं ताट, उदबत्त्या, महिरप. सगळे थांबलेले. सासरेबुवा म्हणाले, "बसा, जावईबापू." मी पाटाकडे बघितलं. पाट लाकडाचा. कडेला पितळी फुलं ठोकलेली. मांडी घालून त्यावर बसायचं! माझे पाय पुढे जाईनात.

"बसा ना!"

काय बोलणार? सासूबाई, चुलत्या, सगळ्या बायाबापड्या समोर. कोणता शब्द वापरायचा तेच सुचेना.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "अरे, काय बघत बसलात? जावई रुसलाय!"

या आत्याबाई. सासऱ्यांच्या आत्या. बोळकं तोंड, पण रीतीभातीत कल्याणात त्यांचा शब्द शेवटचा. "काल गादीवर बसला नाही, रात्री जेवला नाही, तेव्हाच मी ओळखलं. चांगलं मुरलेलं रुसणं आहे हे! आमचे हे रुसले होते, तेव्हा दुभती म्हैस द्यावी लागली."

सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. कोडं सुटलं! सासरेबुवा आत गेले आणि जरीकाठी उपरणं घेऊन आले.

मी घाईघाईने म्हटलं, "अहो मामा, मला काही नको."

आत्याबाई मान डोलावून म्हणाल्या, "नको म्हणतोय. म्हणजे उपरण्यावर भागत नाही."

चांदीचं तांब्याभांडं आलं. "खरंच नको हो!" मी हात जोडले. आत्याबाई म्हणाल्या, "हात जोडतोय! मोठा हट्टी आहे." कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "बाई बाई, उभा कसा आहे बघा, खांबासारखा!"

मी मनाशी ठरवलं, की आता जीव गेला तरी बसायचंच. डोळे मिटले, गुडघे वाकवले, पाटाला टेकलो, आणि "अगाई गं!" करून वर उडालो.

आत्याबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "बसता बसता उठला! पुरा रुसलाय, आता सोन्याशिवाय बसायचा नाही!"

मंडळी, इथे मात्र माझं हसू मावळलं. सासरेबुवांनी हळूच स्वतःच्या कानातली भिकबाळी काढायला हात वर नेला. त्यांच्या वडिलांची होती ती. आणि सासूबाई हातातल्या पाटलीला तेल लावून ती उतरवू लागल्या. दिवाळीच्या दिवशी!

मी माजघराच्या दाराकडे बघितलं. दाराआड ही उभी होती. हातात करंज्यांची परात, डोळे काठोकाठ भरलेले. ही माझ्याकडे बघत होती, आणि तिची मान खाली जात होती. लाज गेली चुलीत!

मी ओरडलो, "थांबा! मला सोनं नको, चांदी नको, काही नको! मी रुसलो नाही! मला बसता येत नाही हो!"

सासरेबुवांचा हात कानापाशीच राहिला.

"बसता येत नाही म्हणजे?"

"म्हणजे... त्या लोखंडी गाढवाची स्प्रिंग तुटली. मिठागरात. आणि मी तसाच... कोनपर्यंत... त्यावर..." पुढचं मला बोलवेना. मी नुसता हात मागे नेऊन दाखवला.

मग माजघरातून धाडकन आवाज आला. परात पडली होती, करंज्या चारी दिशांना पळाल्या होत्या, आणि ही दाराशी खाली बसून, तोंडात पदराचा बोळा कोंबून गदगदा हसत होती. मग काय! सासूबाई हसल्या, चुलत्या हसल्या. सासरेबुवांनी गंभीर राहायचा पुष्कळ प्रयत्न केला, शेवटी त्यांना खांब धरावा लागला.

आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या रागावल्या होत्या. इतकं चांगलं रुसणं वाया गेलं! म्हणाल्या, "ते काही नाही. जावई पाटावर बसल्याशिवाय सण व्हायचा नाही, आणि दिल्याशिवाय त्याला बसवायचा नाही. शेवरीच्या कापसाची उशी आणा!"

उशी आली. तिला हळदकुंकू लावलं. सासरेबुवांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "एवढी गोड करून घ्या, जावईबापू." मी ती पाटावर ठेवली, एका कुशीवर कलंडून बसलो आणि दोन दिवसांचा उपाशी, असा काही फराळ केला, की विचारू नका. भिकबाळी कानात राहिली, पाटली हातात राहिली. ही वाढायला आली तेव्हा माझ्या पानात चार करंज्या जास्त पडल्या. त्या जमिनीवरच्या होत्या की ताज्या, हे मी विचारलं नाही.

भाऊबीज झाली आणि आम्ही दोघं परत निघालो, आगगाडीने! सासरेबुवांनी स्वतः तिकिटं काढून हातावर ठेवली. बायसिकल मागे गार्डाच्या डब्यात मस्त आडवी पडून आली. डब्यात माणसं तुरळक, सगळी बाकं मोकळी. मी उशी काखोटीला मारून दाराशी उभा.

कर्जतकडचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. कितीदा तरी म्हणाले, "बसा की, जागा आहे!" मी आपला, "वारा छान आहे." त्यांनी माझा दिवाळीचा थाट बघितला, काखेतली उशी बघितली, शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली ही बघितली, आणि त्यांना सगळं उमगलं.

डोळा मिचकावून म्हणाले, "दिवाळसणाहून ना? आणि सासऱ्याने नुसती उशी दिली? मग रुसाल नाही तर काय कराल!"

मी तोंड उघडणार, तोच शेजारच्या पदराआडून, परक्या माणसासमोर जिने आजवर ब्र काढला नव्हता, त्या आमच्या हिचा आवाज आला.

"रुसले नाहीत हो. येताना बसून आले होते, म्हणून जाताना उभे आहेत."