पहिले आलो, पण खुर्च्या कमी पडल्या

मंडळी, आज सकाळी हातखंब्याहून पेढे आणून आळीत वाटले. माझा मुलगा इंग्लंडात रग्बीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबात फिजिओ आहे. यंदा त्याचा क्लब पहिला आला, म्हणजे पुढच्या वर्षी वरच्या श्रेणीत, असं मी धरूनच चाललो.

दुपारी त्याचा फोन. "बाबा, आम्हाला वर घेत नाहीत. वरच्या श्रेणीच्या नियमाला लागतात त्यापेक्षा आमच्या मैदानात प्रेक्षकांच्या खुर्च्या कमी आहेत."

खुर्च्या! पोरांनी अख्खा हंगाम चिखलात हाडं मोडून घेतली, आणि निकाल लावला खुर्च्यांनी.

शेजारचे तात्या हसले, "मास्तर, पेढे जरा घाईतच वाटलेत हो!"

तीस वर्षं पीटीच्या तासाला सांगत आलो, मैदानात जिंका, बाकीचं आपोआप येतं. त्या सगळ्या पोरांची आता माफी मागू का?