पाच पानांची कार्यपद्धती आणि एक सुरी

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या कारखान्यात मी क्वालिटीवाला. त्यामुळे सुट्टीभर शॅनन नदीवर राहायला आम्ही दोघांनी जुनी बोट घेतली, तेव्हा सगळ्यात आधी मी लॉक पार करण्याची लेखी कार्यपद्धती तयार केली. पाच पानं! तपासनीस म्हणून बायकोची सही. ती न वाचताच केली होती, असं ती आजही शपथेवर सांगते.

लॉक म्हणजे नदीतला दारं असलेला हौद. बोट आत घेतली की दारं लागतात, पाणी खाली उतरतं आणि बोटही. तोवर दोर काठावरच्या खुंटाला नुसता वळसा घालून हाताने सैल सोडत राहायचं. माझी चौथी पायरी म्हणत होती, ‘दोर घट्ट बांधावा.’ मी तीन गाठी मारल्या आणि त्या पायरीपुढे बरोबरची खूण केली.

पाणी उतरलं, बोट उतरेना. ती एका कुशीवर लटकायला लागली. आतून डाळीचा कुकर घसरल्याचा आवाज आला.

“अरे, सोड तो दोर!”

“थांब गं, पान पाचवर दिलंय...”

बायको कोथिंबिरीची सुरी घेऊन आली आणि तिने दोर कापला. बोट धप्पकन पाण्यात बसली. धावत आलेल्या लॉकवाल्या आजोबांनी वरून वाकून “ग्रँड?”, म्हणजे ‘सगळं ठीक ना?’, एवढंच विचारलं. अर्थात तिला.

संध्याकाळी मी शिस्तीत झालेल्या चुकीचा अहवाल लिहायला बसलो. तिने पेन काढून घेतलं आणि स्वतःच लिहिलं. मूळ कारण: नवरा. उपाय: सुरीला धार.

सही मी केली. पूर्ण वाचून.