ठिपक्यांचा राजमा

आमच्या केंद्राच्या गोदामात बियाण्याला निदान उंदीर तरी लागतात. किस्स्यांना काहीच लागत नाही, म्हणून ते साठत जातात! आम्ही राजम्याचे नवे वाण तयार करतो. यवतमाळच्या मातीत झाडं वाळवणाऱ्या मर रोगाला पुरून उरेल असा राजमा शेतकऱ्यांना हवाय. आणि हे काम माझ्यासारख्या घाबरट बाईकडे आहे.

*

संकर करायचा म्हणजे न उमललेली कळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. नवी होते तेव्हा मी श्वास रोखून बसायचे. मागून आमचे केंद्रप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, श्वास घ्या! तान्ह्या बाळाची नखं नाही कापून राह्यल्या तुम्ही!"

आता मला मुलगी आहे. नखंही कापून झालीत. सरांना सांगायचंय, कळी सोपी असते!

त्या सकाळची कमाई एक शेंग. तिच्या दाण्यांतून पेरत, निवडत पुढे एक वाण उभा राहिला. पांढरा दाणा, त्यावर लाल ठिपके.

*

आमचा एक वाफा मुद्दाम आजारी ठेवलेला असतो. त्यातल्या मातीत मर रोग जपायचा, सगळे वाण पेरायचे आणि कोण जगतं ते बघायचं. बघायला आलेले एक काका हळहळले, "सारंच मेलं न जी!"

सर खूश. "हो न! यंदा मस्त मेलं!"

मी मात्र मधल्या ओळीशी थिजले होते. दोन्हीकडे वाळलेल्या काड्या आणि मध्ये माझा ठिपकेवाला, फुलावर आलेला! माझ्या हातचा, म्हणजे कुठेतरी चूक असणारच. एक झाड उपटून पाहिलं. मुळं पांढरीशुभ्र, निरोगी.

*

त्याच आठवड्यात मुलीला ताप. शेतातून सासूबाईंना फोन केला. "मान टाकली का? पिवळी तर नाही ना पडली? पाणी ओढतेय?"

"अवं, लेकीचं इचारून राह्यली का राजम्याचं?"

*

ढाणकीच्या व्यापाऱ्याला नमुना दाखवला. त्याने दाणे तळहातावर घोळवले.

"मॅडम, याले गोवर झाला का?"

बाजारात लाल राजमा चालतो. केंद्रात ठरलं, आता फक्त एक हंगाम. शेतकऱ्यांनीही नाकारला, तर वाण बंद.

*

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर सकरूबाई नावाच्या शेतकरी बाईंना पिशवीभर बियाणं दिलं. हंगामानंतर उत्पन्न मोजायला गेलो, तर घरात दाणा नाही!

"संपलं न बाई!"

शिजवून खाल्लं असणार. मोजमाप नाही, म्हणजे निकाल नाही. वाण बंद झाला. परतताना मी जीपमध्ये रडले.

या हिवाळ्यात पुढच्या पेरणीसाठी त्यांना दुसरा वाण द्यायला गेलो.

"जुना बंद केला," सर म्हणाले.

"बंद? कायले?"

त्यांनी पिशवी हातात घेतलीच नाही. आम्हाला तांड्यामागे नेलं. बांधाला लागून बांध, सगळीकडे पिकत आलेला राजमा. त्यांनी एक शेंग फोडली. ठिपके!

"हे माह्या बहिणीचं. ते व्याह्याचं. लिंबाच्या पल्याड जावयाचं."

"आणि त्याच्या पुढचं?" सरांनी विचारलं.

सकरूबाईंनी कपाळावर हात आडवा धरून दूरवर बघितलं.

"ते कोणाचं हाय, मले बी नाही मालूम!"