तिगावच्या बाकावर उरलेला त्रिकोण

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. हुंड्याविरुद्ध, मुलींची शाळा मधेच सोडवण्याविरुद्ध, देवळाच्या नावानं सक्तीनं उकळलेल्या वर्गणीविरुद्ध. घड्या घालायचं काम माझं. 'आम्हाला मान्य नाही' हे शब्द मी 'कमळ'च्या आधी वाचायला शिकले.

असमिकाही त्यांनीच शिकवल्या. आमचा भाग हिंदी राज्यात, म्हणून पुस्तकं हिंदीतली, त्यात लहान-मोठ्याच्या चिन्हांच्या गणिताला हाच शब्द आहे. समीकरण सांगतं, इतकंच. असमिका सांगते, कमीत कमी इतकं, किंवा जास्तीत जास्त इतकं. म्हणून समीकरणाला एक रेघ पुरते, असमिका मात्र त्या रेघेची अख्खी बाजू मागते. पुस्तक म्हणतं, चालेल ती बाजू रंगवा. सगळे रंग जिथे एकावर एक येतील तिथे उत्तर. बाबांची रीत उलटी होती. "जे चालत नाही ते काळं कर. पांढरं राह्यलं ते आपलं." पत्रकंही ते अशीच लिहायचे. पांढुर्ण्यातली त्यांची सगळी मुलं याच रीतीनं आलेख काढायची, आणि नव्या शाळेत गेली की बोलणी खायची.

मी आता शिकवणी घेते. तो तिथेच भेटला. सौसरचा, माझ्यासारखाच गणित शिकवणारा, आणि बाजाराच्या दिवशी माझ्याहून जास्त तावातावानं पत्रकं वाटणारा. आमचं भांडण झालं की आलेखाचा कागद काढायचा, ही आमची सवय. पुढे त्याला नागपूरला नोकरी लागली. नोंदणी करून लग्न करायचं, हार आणि चहा, बाकी काही नाही, असं ठरलं.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. आई मी लहान असतानाच वारली होती. मोहगावची आत्या शनिवार-रविवार येऊन बाबांचं करू लागली, बाकीचे दिवस माझे. लग्न होणार की नाही, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या दोघांत बसून होता.

तो प्रश्न सोडवायला आम्ही तिगाव स्टेशनवर भेटलो. पांढुर्ण्यात प्रत्येक कोपऱ्यावर माझ्या विद्यार्थ्यांचे पालक. तिगावच्या बाकावर फक्त एक कुत्रं होतं.

"तुझी आई काय म्हणते?" मी विचारलं.

"जामसांवलीच्या मारुतीले नवस बोलून बसली. सून घरात आली का शेंदूर चढवते म्हणते."

"मारुतीले सांग, सून सोमवार ते शुक्रवार रिकामी नाही."

तो हसला. मला ते हसणं फार आवडायचं.

मी कागद मांडीवर घेतला. आडव्या अक्षावर आठवड्यातले माझे पांढुर्ण्याचे दिवस, उभ्यावर त्याच्याजवळचे नागपूरचे. दोन्ही मिळून सातच्या वर जाणार नाहीत, म्हणून सातच्या तिरप्या रेघेपलीकडचं सगळं मी काळं केलं. बाबांजवळ कमीत कमी पाच, म्हणून पाचच्या उभ्या रेघेच्या डावीकडचं काळं केलं. मग पेन्सिल त्याला दिली. त्यानं तीनवर आडवी रेघ मारली आणि तिच्या वरची बाजू रंगवली.

मला वाटलं, तीन दिवसांच्या वर मी मागणार नाही, असं तो म्हणतोय. कागदाच्या तळाशी, उजवीकडे, एक लहानसा त्रिकोण स्वच्छ पांढरा राहिला होता. त्याच्या वरच्या टोकाला पाच दिवस बाबा, दोन दिवस तो.

"उरलं!" मी त्याचा हातच धरला. "पाह्य, उरलं ना!"

तो कागदाकडे बघत राहिला. "उलटं पाहून राहिली तू," तो हळूच म्हणाला. "मी पुस्तकासारखं केलं. पाहिजे ते रंगवलं. तीन तं कमीत कमी आहे."

मी पुन्हा पाहिलं. पांढरा त्रिकोण अख्खाच्या अख्खा त्याच्या रेघेखाली होता, म्हणजे दोघांनाही चालेल असं काहीच उरलं नव्हतं.

"मंग तूच ये ना पांढुर्ण्याले. किती लोक अप-डाऊन करतेत नागपूर."

"सासऱ्याच्या घरी राहू? सौसरात तोंड दाखवू काय मी?"

"आपण पत्रकात काय लिहिलं होतं? घर बाईनंच का सोडायचं?"

"पत्रक वेगळं असते बाप्पा," तो म्हणाला. "तुमची आत्या अजून एक दिवस नाही येऊ शकत?"

आत्यालाही घर आहे, शेत आहे, गुडघे आहेत. सात कुणाच्याच हातात नव्हते. माझे पाच बाबांच्या लुळ्या अंगानं ठरवले होते. त्याचे तीन ठरवले होते सौसरच्या ओट्यांवर बसणाऱ्यांनी, आणि तेवढेच हलवता येण्यासारखे होते. पण सरकायचं असेल तर बाईच्या रेघेनं, हे त्यानंही धरून ठेवलं होतं. ज्या हातांनी पत्रकं वाटली त्याच हातांनी. त्याची गाडी आली तेव्हा तो म्हणाला, "विचार कर." मी मान हलवली आणि कागदाची घडी केली, पत्रकाची घालतात तशी.

घरी आत्या बाबांना भरवत होती. मी कुठे आणि कशासाठी गेले होते, ते बाबांना ठाऊक होतं. त्यांनी डावा हात पुढे केला. मी कागद दिला. रेघा त्यांनी एकेक करून पाहिल्या, मास्तर पाहतो तशा, आपल्या रीतीनं, सावकाश. मग बोट त्या पांढऱ्या त्रिकोणावर येऊन थांबलं आणि त्यांचा अर्धा चेहरा हसला.

"उ... उरलं," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी एक अख्खा शब्द.

"हो बाबा," मी म्हटलं. "उरलं."

त्यांच्या हनुवटीवर सांडलेली पेज मी पदरानं टिपली. कागद त्यांनी उशीखाली ठेवायला लावला.