न्यूझीलंडचा झेंडा मी शिवला होता

इथे आखातात, अल हिलालमधल्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात एक गोरा इंजिनीअर यायचा, न्यूझीलंडचा. राहायला त्याच शहरात, गराफाला. पँटी आखूड करून घेताना गप्पा मारत बसायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंतच, पण गिऱ्हाइकांपुरती हिंदी-इंग्लिश मला येते. एकदा मी त्याला सांगितलं, माझा बाप रत्नागिरीहून इंग्रजांच्या बोटीवर गेला आणि आयुष्यभर शिव्या खात कोळसा ओढत राहिला.

तो म्हणाला, "मास्टर, मग तुझा नि माझा मालक एकच. आमच्या झेंड्याच्या कोपऱ्यात अजून त्याचा झेंडा आहे. आता मतदान आहे. काढून टाकणार."

मला बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, पण आपल्यातलाच.

घरच्या पार्टीला त्याला नवा झेंडा हवा होता. फोटो दाखवला. काळा-निळा, मधे मोठं पांढरं पान, आमच्याकडे पावसात विहिरीच्या दगडांत नेचा उगवतो तसलं. दोन शुक्रवारची सुट्टी मी त्यात घातली. पान एका बाजूने शिवून मागचं कापड बारीक कात्रीने काढलं, म्हणजे दोन्हीकडून सारखं दिसतं. माझा रायगडकडचा कटर, माझ्याच वयाचा, म्हणाला, "मियाँ, स्वतःच्या निकाहची शेरवानी तरी एवढी जपून शिवलीस काय?"

"गप रे," मी म्हटलं. "इंग्रजाला काढतोय."

मतदान झालं. जुनाच झेंडा राहिला. मला वाटलं, बिचारा हरला.

तो हसतच आला, हातात दोन झेंडे. एक मी शिवलेला. "याच्या उशा कर माझ्या मुलांसाठी, कापड चांगलं आहे." दुसरा जुना. "याचा कोपरा उसवलाय, तेवढा पक्का कर."

मी विचारलं, "तू मत कुणाला दिलंस?"

"जुन्याला. नव्याची आपली गंमत होती, मास्टर. माझे आजोबा इंग्लंडहून आले. तो कोपरा आमच्या घरचा आहे."

"आणि मालक एकच म्हणालास ते?"

"बोलण्यात म्हणतो माणूस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इंग्रज आमच्याकडे राज्य करून निघून गेले. तिकडे न्यूझीलंडला जाऊन दुसऱ्यांच्या जमिनीवर कायमचे बसले, ते याचेच आजोबा. याला मालक कधी नव्हताच. आणि बापाची जी गोष्ट मी माझ्या पोरांनाही धड सांगितली नव्हती, ती याला सांगून बसलो होतो.

जुन्या झेंड्याची घडी घालून मी परत दिली. "हे काम माझ्याकडे होत नाही."

"मशीन बिघडलंय?"

"मशीन ठीक आहे. उशाही होणार नाहीत. माझं शिवलेलं इथे ठेव."

ठेवून गेला, पण त्याला काही कळलं नसावं.

महिन्याने ड्रायव्हरच्या हाती त्याच्या दोन पँटी आल्या. मी केल्या, पँटींशी माझं भांडण नव्हतं. न्यायला आला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, साहेब विचारत होते, तुम्ही रागावलात काय?"

"सांग त्यांना," मी म्हटलं, "कमरेत दीड इंच सैल केल्यात. बसतील."