मापाच्या वहीचं अ‍ॅप

माप घेताना आकडा तोंडाने बोलायचा नाही, हा माझा नियम आहे. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा पहिला ब्लाऊज एका मास्टरकडे टाकला होता. मेल्याने टेप लावली आणि आत मशीनवर बसलेल्या माणसाला ओरडून सांगितलं, छाती इतकी, कंबर इतकी. बाहेर पानाच्या गादीवर चार पुरुष उभे. मला अशी शिसारी आली की तो ब्लाऊज आणायलासुद्धा मी गेले नाही. पुढे मी शिवण शिकले, आम्ही मीरा रोडला राहायला आलो, बेव्हर्ली पार्कात तळमजल्याला एक गाळा मिळाला, आणि पहिल्या दिवसापासून मी माप घेते ती गप्प राहून. टेप लावायची, आकडा डोक्यात धरायचा, वळून वहीत लिहायचा. वही माझ्या हातची आणि कुलूपही माझ्या कपाटाचं. बायका म्हणतात ना, तुमच्याकडे बरं वाटतं, ते एवढ्याशाच गोष्टीमुळे.

मग मला अ‍ॅपची खाज कुठून सुटली? तर समोरच्या रस्त्याला एक बुटीक उघडलं. काचेचा दरवाजा, आत थंडगार, आणि बाहेर पाटी, आमचं अ‍ॅप डाउनलोड करा. माझी गिऱ्हाइकं माझ्याच स्टुलावर बसून मला विचारायला लागली, आंटी, आपका ऐप नहीं है क्या? दोनदा हसले, तिसऱ्यांदा झोंबलं. पंचवीस वर्षं हात चालवतेय मी, आणि कालच्या त्या बुटीकवालीला धड कटोरी ब्लाऊज कापता येत नाही.

माझी सून अंधेरीला एका कंपनीत असलीच अ‍ॅपं तपासायचं काम करते. एका रविवारी तिला बसवून विचारलं. तिने आधी मलाच प्रश्न टाकला, की आई, तुम्हाला ते कशासाठी हवंय? मी म्हटलं, सगळ्यांकडे आहे म्हणून. ती हसली नाही, हे तिचं चांगलंय. तिने समजावून सांगितलं की अ‍ॅप तीन तऱ्हेचं असतं. एक, फक्त आपल्यासाठी मुळापासून बनवून घ्यायचं. त्याला खर्च फार, आणि ज्याच्याकडे रोज शेकड्याने गिऱ्हाईक येतं त्यालाच ते परवडतं. दुसरं, तयार. एकच अ‍ॅप असतं, कंपनी त्यावर प्रत्येक दुकानाचं नाव चिकटवून देते. आणि तिसरं म्हटलं तर अ‍ॅपच नाही, साधं पान. लिंक दाबली की उघडतं, ट्रायलची वेळ ठरवता येते, ब्लाऊज झाला की नाही ते कळतं, बस्स. फोनमध्ये काही उतरवावं लागत नाही.

"तुम्हाला तिसरं पुरे," ती म्हणाली. "आणि दुसरं घेतलंत तरी त्यात वही टाकू नका. ती मग तुमच्या घरी राहत नाही, त्यांच्या घरी राहते."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं पोरीने. पण माझं सगळं लक्ष त्या एकाच वाक्यात अडकलं, म्हटलं तर अ‍ॅपच नाही. म्हणजे फोनवर आपल्या नावाचा चौकोन नाही. मला तो चौकोन हवा होता. बुटीकवालीचा होता ना!

मग तयार अ‍ॅप विकणारा एक इसम दुकानात आला तो अत्तराचा भपकारा घेऊनच. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, तोंडात सारखं आंटीजी, आंटीजी. त्याने फोन काढून दाखवला तर आधीच माझ्या दुकानाचं नाव गुलाबी अक्षरात, बाजूला मोर. मी तिथेच विरघळले. मोर बघून अक्कल गहाण टाकणारी मी एकटीच नसेन, पण टाकली खरी. तो म्हणाला, सगळं भरा, माप भरा, गळ्याचा आकार भरा, खास सूचना भरा, जितकं जास्त भराल तितकं चांगलं. मी विचारलं, हे बघणार कोण? म्हणाला, फक्त तुम्ही. एकदा विचारलं, एकदा त्याने सांगितलं, संपलं. कापड घेताना मी रंग जाईल का म्हणून दुकानदाराला चारदा विचारते.

पंधरा दिवस दुपारच्या दुपारी बसून मी अख्खी वही त्यात उतरवली.

त्यात तिचंही पान होतं. ही माझी उत्तनजवळच्या डोंगरी गावची गिऱ्हाईक, माझ्याच वयाची, ख्रिश्चन, घरची शेती. एवढ्या लांबून बस बदलत माझ्याकडे यायची, कारण तिकडच्या शिंपिणीकडे माप दिलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. तिच्या छातीच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं होतं. सगळं काढलं होतं. गावात तिने गर्भपिशवी काढली म्हणून सांगितलेलं. खरं ठाऊक होतं ते नवऱ्याला, लेकीला, डॉक्टरला आणि मला. पहिल्यांदा माप द्यायला आली तेव्हा पदर सोडायलाच तिला दहा मिनिटं लागली. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही, टेपने दोघींना काय ते कळलं. मी डावीकडे आतून खिसा करून त्यात पॅड बसवायची, असं की जवळ उभ्या बाईलाही कळू नये. आता तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्यात बायका लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात, नवरीची आई पुढे, सारा गाव बघायला. त्या दिवसाचा ब्लाऊज माझ्याकडे होता. अ‍ॅपमध्ये तिच्या नावाखाली, गावाखाली, खास सूचना म्हणून मी वहीतलं जसंच्या तसं लिहिलं: डावीकडे पॅड. आतून खिसा, बाहेरून दिसू नये. कोणाला बोलायचं नाही.

महिन्याभरात पहिला दणका बसला. अ‍ॅपने आपणहून माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला, वजन वाढलं का? नवं माप द्या, सूट मिळवा. शी! मी जन्मात कुणाला असं विचारलं नसतं. तिसऱ्या मजल्यावरची गुजराती बाई तरातरा खाली आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. मी पाया पडायची बाकी राहिले. इसमाला फोन केला तर म्हणतो, ऑटोमॅटिक आहे आंटीजी, सगळ्यांना जातो, यात काय वाईट? तेव्हाच ते अ‍ॅप उकिरड्यावर टाकायला हवं होतं. पण हौस दांडगी, गुलाबी मोर तसाच नाचत राहिला.

मग आमच्या भागातल्या महिला गटाने घरगुती धंदेवाल्यांसाठी एक कार्यक्रम ठेवला, सोसायटीच्या हॉलमध्ये. पापडवाल्या, पार्लरवाल्या, केकवाल्या, काहींचे नवरे, शिवाय दोनचार दुकानदार. अ‍ॅप कसं निवडावं यावर बोलायला हाच इसम. आणि मला त्याने खास बोलावलेलं, खूश गिऱ्हाईक म्हणून दोन शब्द बोला. मी नवी साडी नेसून पुढे बसले, सांगायला लाज वाटते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर उत्तनकडची एक बाई होती, बाटलीत भरलेला मसाला विकते ती. कोकणीही नाही आणि आपली मराठीही नाही अशी तिकडची बोली बोलत ती माझ्याशी गप्पा मारत होती, मी डोंगरीचीच, म्हणाली.

इसमाने भिंतीवर पडदा लावला आणि लेडीज टेलरचा नमुना म्हणून अ‍ॅप उघडलं. गिऱ्हाइकांची यादी आली. माझी यादी. आधी मला कळेचना, वाटलं, मी दमलेय. तोवर त्याने यादीतलं एक नाव दाबलं आणि पडद्यावर हाताएवढ्या अक्षरात तिचं नाव, पुढे डोंगरी, खाली छाती, कंबर, दंड, सगळे आकडे.

"बघा, खास सूचनासुद्धा लिहिता येते," असं म्हणून त्याने ती मोठ्याने वाचली. शेवटच्या तीन शब्दांसकट.

मागून कुणीतरी हसलं. पुरुषाचा आवाज होता. मी उठले आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिले, झाकायला दुसरं काहीच नव्हतं हातात. ती सगळी अक्षरं माझ्या अंगावर, माझ्या ब्लाऊजवर पडली. तो म्हणतो, आंटीजी, स्क्रीन के सामने से हटिए.

मी तिथेच त्याला बोलले, जे तोंडाला येईल ते. त्याला शरम नाही, राग नाही, काही नाही. कपाळाला जराशी आठी, लाइट गेल्यावर पडते तेवढी.

"नाव बदलायचं राहून गेलं, इतकंच," तो म्हणाला. "डेमोला काहीतरी डेटा लागतोच ना."

डेटा! बाईच्या कापलेल्या अंगाला हा डेटा म्हणतो. मला त्याच्या अत्तराची, त्याच्या फोनची, त्या हॉलची, सगळ्याची किळस आली. पण खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त आली ती माझी. त्याने फक्त वाचलं. लिहिलं होतं मी, दुपारच्या दुपारी बसून, चष्मा लावून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी वळून पाहिलं तर मसालेवाली आपल्या बाटल्या पिशवीत भरत होती. माझ्याशी नजर न मिळवता निघून गेली.

सुनेने त्याच दिवशी कंपनीच्या मागे लागून सगळं पुसायला लावलं. पुसलं असं त्यांनी कळवलं, खरं खोटं देव जाणे. मी सांगितलं होतं ना, असं ती एकदाही म्हणाली नाही. ती म्हणाली, आई, ज्यांची ज्यांची नावं होती त्यांना तुम्ही स्वतः सांगायला हवं. मी म्हटलं, पहिली डोंगरी.

ब्लाऊज तयारच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेतला आणि भाईंदरहून बस धरली. वाटभर मनात एकच, मसालेवालीच्या आधी मी पोचेन का? लग्नघर होतं. दारात मांडवाचे बांबू पडलेले, आत बायकांची ये-जा. मला बघून तिचं तोंड फुललं, इतक्या लांब स्वतः ब्लाऊज घेऊन आले म्हणून. तेव्हा कळलं, अजून तिच्यापर्यंत आलेलं नाही. मी तिला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. अ‍ॅप, हॉल, पडदा, मसालेवाली. काही वाचवून ठेवलं नाही. रडू येत होतं ते दाबून धरलं, कारण रडायचा हक्क तिचा होता. ती रडली नाही.

"बापये किती व्हते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पुरुष मोजले नाहीत हो.

"मोजायचंच तर काम तुजं," ती म्हणाली.

तिने माझ्या हातातून ब्लाऊज घेतला, पाठ फिरवून अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिली. जन्मात मी इतकं सुबक काम केलं नव्हतं. खांदा बरोबर, गळा बरोबर, डावी-उजवी बाजू ओळखू येत नव्हती. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने तो काढला, साडीचा पदर ओढून घेतला आणि ब्लाऊज माझ्या मांडीवर ठेवला.

"पॅड काढ," म्हणाली.

मी म्हटलं, अहो, कशाला, कळतसुद्धा नाही.

"आता कळतंय. पान्याला मी पुढं चालेन तवा लोक शोधत बसतील, खरं कुठलं नि खोटं कुठलं. ते न्हाय सोसायचं मला. काढ."

बाहेर बायका हसत होत्या, कुणीतरी चहाला हाक मारत होतं. माझ्या पर्समध्ये छोटी कात्री असतेच. मी खिशाचे टाके एकेक करून उसवले, ती समोर उभी राहून बघत होती. पॅड बाहेर काढून तिच्यापुढे धरलं तर तिने हात पुढे केला नाही. मग ते मीच पर्समध्ये घातलं आणि घरी घेऊन आले.